फाटकापासून पायरीपर्यंतची हिरवळ

अजितकुमारांनी हिरवळीचे पाणी तोडायचे ठरवले, तेव्हा त्यांनी सर्वप्रथम भिंतीवरचे कॅलेंडर खाली उतरवले. जैन मुनिसंघ मालेगावकडून पायी विहार करत रिसोडात पोहोचायला अठ्ठावीस दिवस होते. डिसेंबर लागला होता. अंगणातले गवत उन्हाळ्या-पावसाळ्यात माजणाऱ्या आणि थंडीत आपणहून सुस्तावणाऱ्या जातीचे होते. अशा दिवसांत पाणी आणि युरिया दोन्ही थांबवले, तर दहा दिवसांत पाते पिवळे पडेल आणि तीन आठवड्यांत सगळे अंगण तणसाच्या रंगाचे होईल, असा त्यांचा हिशेब होता. त्यांनी तारखेभोवती पेन्सिलीने गोल केला आणि कॅलेंडर पुन्हा खिळ्याला अडकवले. हे करताना त्यांच्या मनाला काही लागले नाही. गेले पंधरा महिने त्यांच्या मनाला काहीच लागत नव्हते.

हिरवळ त्यांच्या मुलाने, नमनने लावली होती. करोनाच्या वर्षी तो पुण्याच्या नोकरीचे काम घरून करत होता आणि समोरच्या उघड्या अंगणाकडे पाहून कंटाळला होता. अजितकुमार तंत्रनिकेतनातून पदविका घेतलेले, पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी आधी त्याला अडचणी सांगितल्या. ही काळी माती पावसात लोण्यासारखी होते आणि वैशाखात तिच्या भेगांत हात जातो. हिच्यावर हिरवळ धरणार नाही. मग मात्र त्यांनीच फूटभर माती उपसून घेतली, खाली मुरूम ठोकला, वर वाळू आणि चाळलेले शेणखत मिसळून अंथरले. पाण्याची नळी धरून सपाटी काढली आणि गटाराकडे शंभराला एक असा उतार दिला. नमनने अकोल्याच्या रोपवाटिकेतून मुळ्यांची पोती आणली. बापलेकांनी पाटावर बसून, तीन-तीन बोटांवर एकेक जुडगा टोचत, नऊ दिवसांत अंगण पुरे केले.

वाद झाला तो एकच. फाटकापासून पायरीपर्यंत चार फुटांची फरशी ठेव, असे अजितकुमारांचे म्हणणे होते. नमन हसला होता. "बाबा, पाय ठेवायलाच तर लावून राह्यलो. रस्ता कायले?"

त्यामुळे गवत भिंतीपासून भिंतीपर्यंत पसरले आणि घरात मोठी गैरसोय झाली. नमनच्या आईने, तारामतीने, हिरव्या गवतावर जाणूनबुजून कधी पाय दिला नव्हता. त्यात जीव आहे, असे त्या लहानपणापासून मानत आल्या होत्या. त्या दिवसापासून त्या बाजूच्या बोळातून, मोरीशेजारून, स्वयंपाकघराच्या दाराने ये-जा करू लागल्या. "पोरा, आपल्याच घरात मले चोरावाणी मागून घुसायले लावलं तुनं," असे त्या म्हणायच्या, आणि नमन "आई, तू चोरच हायेस, माह्या डब्यातले लाडू कोण खाते मग?" असे म्हणायचा.

मागच्या वर्षीच्या भाद्रपदात पुण्याच्या कार्यालयात, खुर्चीत बसल्या बसल्या, नमनचे हृदय थांबले. तो छत्तीस वर्षांचा होता. त्याला समोरच्या दाराने आत आणले आणि दोन तासांनी समोरच्याच दाराने बाहेर नेले. तारामती त्या दिवशी फाटकापर्यंत हिरवळीवरूनच चालत गेल्या. कोणी त्यांना अडवले नाही. पावसाने भूमी भिजलेली होती, गवतात खोल पावले उमटली. अजितकुमारांनी ती मोजली नाहीत. ती अकराव्या दिवशी भरून आली, एवढे मात्र त्यांच्या ध्यानात राहिले. त्यानंतर समोरचे दार लागले ते लागलेच.

नमनने पुण्याला परत जाण्याआधी मोबाइलवर सूचना पाठवून ठेवलेल्या होत्या. कापणी पावसाळ्यात दर पाच दिवसांनी. एका वेळी पात्याचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग कापायचा नाही. पाणी पहाटे, तेही रोज थोडे थोडे नव्हे, तर आठवड्यातून दोनदा पोटभर, म्हणजे मुळ्या खाली जातात. अजितकुमार त्या शब्दशः पाळत आले. यंत्र ढकलताना त्यांना मुलाची आठवण येत नसे. कापलेल्या पात्यांचा वास येई, घाम येई, आणि काम संपले की ते यंत्राची पाती पुसून ठेवत. भेटायला येणारे म्हणत, किती जपले आहे हो तुम्ही. ते मान हलवत. आपण काय जपतो आहोत, हे त्यांना सांगता आले नसते.

संघ येणार असल्याची बातमी मंदिरातून आणली ती तारामतीने. जेवणे झाल्यावर ताट न उचलता त्या म्हणाल्या, "अहो, औंदा महाराजायले आहार आपल्या दारात द्यायचा हाये मले."

"धर्मशाळेत महाराजांच्या आहाराचा चौका लागेलच की. तिथं दे."

"तिथं सगळेच देतीन. मले इथं द्यायचा हाये." त्यांनी ताटाच्या कडेवरून बोट फिरवले. "या दारातून माहा नमन गेला, त्याच्यामागं कोणीच आत नाही आलं. मले त्या दारातून कोणी आत येताना पाह्यचं हाये. मंग मी काही मागणार नाही."

पंधरा महिन्यांत त्यांनी मागितलेली ही पहिली गोष्ट होती. अजितकुमारांनी ती एखाद्या कामाच्या मागणीपत्रासारखी समोर ठेवली आणि तिच्यातल्या अडचणी काढल्या. मुनिमहाराज चार हात पुढची भूमी पाहत चालतात. हिरव्या गवतावर पाऊल ठेवत नाहीत. फाटक ते पायरी सव्वीस फूट, सगळे हिरवे. फळ्या टाकल्या तरी खाली गवत दबणारच. बोळातून आणावे, तर वाटेत मोरी. आहारासाठी येणाऱ्या साधूला मोरीवरून कोण आणेल?

"पाणी तोडतो," ते म्हणाले. "वाळलेल्या गवताची हरकत नसते ना?"

"वाळलेल्याची नाही." तारामतीने त्यांच्याकडे नीट पाहिले. "पण मंग नमनचं हे..."

"गवत आहे," अजितकुमार म्हणाले.

एकविसाव्या दिवशी अंगण ठरल्याप्रमाणे तणसाच्या रंगाचे झाले. तारामती बोळाच्या तोंडाशी उभ्या राहून बराच वेळ पाहत राहिल्या. मग त्यांनी विचारले, "यात आता जीव नाही ना?"

"नाही," अजितकुमार म्हणाले.

ते खोटे होते. ही जात वरून वाळते आणि खाली निजते. जमिनीखाली वितभर खोल तिच्या पांढऱ्या गाठाळ मुळ्या जिवंत राहतात, दोनदा पोटभर पाणी मिळाले की आठवड्यात वर कोंब येतात. हे त्यांना पाठ होते. तरी त्यांनी नाही म्हटले, आणि म्हणताना त्यांना काही वाटले नाही. आयुष्यभर ज्यांनी मोजमाप-पुस्तकात एक सेंटिमीटर खोटा लिहिला नाही, त्यांना हे जड जायला हवे होते. गेले नाही. मुलगा गेल्यापासून बाकीच्या गोष्टी जशा होत होत्या, तसेच हेही झाले.

घरात धुण्याभांड्याला केनवडची गोजराबाई येत असे. तिची हयात दुसऱ्यांच्या वावरात निंदण करण्यात गेली होती. गुडघे गेले तेव्हा रिसोडात लेकीकडे राहायला येऊन तिने घरकाम धरले. हिरवळीचा तिला पहिल्यापासून राग होता. ही तर आपली हराळीच आहे, फक्त पान जरा बारीक, असे तिने पहिल्याच दिवशी ओळखले होते.

"सायब, इले पानी पाजून पाजून मोठी करता तुमी," ती म्हणायची, "अन् आमी हिच्यापायी बोटाचे नखं घालवले. माही सासू मरताना म्हने, गोजरे, वावराच्या धुऱ्याची हराळी काढायची राह्यली व. घ्या, मरताना देव नाही आठोला तिले, हराळी आठोली!"

त्या दिवशी भांडी घासून झाल्यावर ती अंगणाच्या कडेला उकिडवी बसली आणि विळ्याच्या टोकाने तिने बोटभर माती उकरली. अजितकुमार पायरीवर वर्तमानपत्र वाचत होते. गोजराबाईने पांढरी मुळी ओढून काढली, नखाने खरवडली आणि त्यांच्यासमोर धरली. आत ओल होती.

"बाई म्हने, मेली."

अजितकुमारांनी वर्तमानपत्र खाली केले नाही.

"बाई शेरातल्या, दुकानदाराच्या घरच्या. त्यायले काय ठाव? त्यायच्या बापानं तागडी धरली, इळा नाही धरला. पन तुमाले तं ठाव हाये." तिने मुळी पुन्हा जागेवर ठेवून माती सारली. "हराळी कुठी मरते काय, सायब? मी काही बोलत नाही. माह्या तोंडानं कायले कोनाचं पुन्य बाटवू?"

ती गेली. अजितकुमारांनी त्याच पानावरचा बाजारभाव तिसऱ्यांदा वाचला.

संघ यायला पाच दिवस उरले असताना तारामतीने तयारी म्हणून विधीची उजळणी काढली. पंचवीस वर्षांत त्यांनी दारात पडगाहन केले नव्हते. महाराज आहाराला निघाले, की दारात शुद्ध वस्त्रांत, हाती कलश घेऊन उभे राहायचे, नमोस्तु म्हणून त्यांना थांबण्याची विनंती करायची, आणि ते थांबलेच, तर तीन प्रदक्षिणा घालून नवराबायकोने मोठ्याने शुद्धी बोलायची: मन, वचन आणि काया शुद्ध आहे. महाराज मनात काही खूण धरून निघालेले असतात. ती जुळली तर थांबतात, नाही तर पुढे जातात. कोणती खूण, ते कोणालाच माहीत नसते.

"तुमी महाराज व्हा," तारामती म्हणाल्या.

"मी? या वयात?"

"मंग हा खांब महाराज. चला."

त्यांनी स्वयंपाकघरातल्या खांबाभोवती तीन फेऱ्या घातल्या. तारामतीच्या हातात कलशाऐवजी पाण्याचा गडवा होता. बऱ्याच दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर संकोचासारखे काहीतरी आले होते. मग दोघे खांबासमोर उभे राहिले.

"मन शुद्ध," दोघे म्हणाले. "वचन..."

अजितकुमारांचा आवाज थांबला. दाटून आले नव्हते. डोळे कोरडे होते. हवा धरलेला पंप चालू राहतो आणि पाणी तेवढे येत नाही, तसे काहीसे झाले होते. ओठ हलले. शब्द आला नाही.

"विसरले काय? वचन शुद्ध, काय शुद्ध..."

"तारा, गवत मेलेलं नाही."

तारामतीने गडवा ओट्यावर ठेवला.

"मुळ्या जिवंत आहेत. पाणी दिलं की उठेल. तू विचारलं तेव्हाही मला माहीत होतं."

"मंग काहून सांगतलं तसं?"

त्यांनी कारण शोधले. प्रामाणिकपणे, वरपासून खालपर्यंत शोधले. "तुला दारात आहार द्यायचा होता," ते म्हणाले, "आणि मला ते उपटायचं नव्हतं. दोन्ही जमत होतं."

बाहेर एसटी थांबली आणि निघून गेली. मग तारामती अगदी सपाट आवाजात म्हणाल्या, "बरं झालं आत्ता बोलले. दारात महाराज उभे असते, तं मी काय केलं असतं?"

"उद्या चार फुटांची पट्टी खणून काढतो. मुळ्यांसकट, फूटभर खोल."

"माह्या आहारासाठी मारता? साधूच्या नावानं जीव घ्यायचा अन् त्यायच्याच हातावर घास ठेवायचा?" त्यांनी मान हलवली. "राहू द्या. मी धर्मशाळेत देईन."

रात्री निजताना अजितकुमारांना वाटले की प्रश्न मिटला. सकाळी उठले तेव्हा उत्तर डोक्यात तयार होते. ते त्यांनी मुद्दाम शोधले नव्हते.

"उपटायचं नाही," ते चहा घेता घेता म्हणाले. "उचलायचं."

हिरवळ जशी टोचून लावता येते, तशी मातीसकट कापून, चौकोनी तुकड्यांनी उचलूनही नेता येते. सव्वीस फूट लांब, चार फूट रुंद म्हणजे फुटाफुटाचे एकशे चार तुकडे. जाडी तीन बोटे. त्याखालच्या मुळ्या हाताने वेचून त्याच तुकड्यांखाली घालायच्या. मागे विहिरीजवळ तेवढी जागा मोकळी होती. तिथे ते तुकडे पुन्हा बसवायचे, पाणी द्यायचे. काही मरणार नाही असे म्हणता येत नव्हते, आणि अजितकुमारांनी तसे म्हटलेही नाही.

"किती मरतीन?" तारामतीने विचारले.

"नीट केलं तर फार थोडं. शून्य नाही."

तारामतीने तो आकडा मनात तोलला असावा. "आणखी एक," अजितकुमार म्हणाले. "हे मी आहारासाठी करत नाही असं समज. चार वर्षांपूर्वीच व्हायला पाहिजे होतं. रस्ता नसलेलं अंगण ही माझ्या कामातली चूक होती. महाराज आले नाहीत, तरी हा रस्ता राहील."

"हे खरं बोलता, का..."

"खरं."

कोरडी माती तुकड्यांना धरून राहत नाही, म्हणून त्यांनी संध्याकाळी दोरी लावून फक्त तेवढी पट्टी भिजवली. दुसऱ्या दिवशी धार लावलेल्या सपाट फावड्याने कडा कापायला सुरुवात केली. गोजराबाईला मदतीला बोलावले, तेव्हा ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"म्हंजे, हराळी इथून काढायची, अन् तिथं लावायची?"

"हो."

"मातीसकट?"

"मातीसकट. आणि मुळी तोडायची नाही."

"अगं माय! हे माह्या सासूनं पाह्यलं असतं तं दुसऱ्यांदा मेली असती." ती खाली बसली. "एखादा तुकडा माह्या जावयाच्या वावरात नेऊन टाकू काय? माणूस लई माजला हाये."

तारामती पदर खोचून पुढे बसल्या. त्यांच्या हातात मऊ कुंचा होता. फावडे जमिनीत जाण्याआधी त्या जागेवरच्या मुंग्या हळूच बाजूला सारायचे काम त्यांनी घेतले. त्यामुळे वेळ तिप्पट लागला. पहिल्या दिवशी अठ्ठावीस तुकडे निघाले, दुसऱ्या दिवशी सदतीस. अजितकुमार कापत, गोजराबाई विळ्याने खालून सोडवी, आणि मग दोघे मिळून घमेल्यातून तो तुकडा बोळाने मागे नेत. गोजराबाई मुळ्या अशा अलगद सोडवी, की अजितकुमारांना नवल वाटले. जिला मारायला ती शिकली होती, तिची प्रत्येक गाठ तिला ठाऊक होती.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पट्टी पायरीला टेकली. मुळ्या वेचून उरलेली माती काढल्यावर खालचा मुरूम उघडा पडला. अजितकुमारांनी त्यावर रोलर फिरवला, पाणी शिंपडले, पुन्हा फिरवला. मागे विहिरीपाशी एकशे चार तुकडे बसले होते. त्यांच्या वाळक्या पात्यांकडे पाहून तिथे काही जिवंत आहे असे कोणी म्हटले नसते.

संघ सोमवारी आला. मंगळवारी सकाळी नऊ वाजता गल्लीतल्या सहा घरांच्या दारांत माणसे कलश घेऊन उभी राहिली. तारामतीने समोरचे दार उघडले. कड्या गंजल्या होत्या, अजितकुमारांनी आदल्या दिवशीच तेल घातले होते. दोघे फाटकापाशी शुद्ध वस्त्रांत उभे राहिले. मागे मुरमाचा सरळ रस्ता, त्याच्या दोन्ही बाजूंना वाळलेले गवत, पायरी, उघडे दार.

संघातले एक महाराज गल्लीच्या टोकाला दिसले. दृष्टी जमिनीवर, एका हाती मोरपिसांची पिंछी, एका हाती कमंडलू. पहिल्या घरापुढून ते गेले, दुसऱ्या घरापुढूनही गेले. तारामतीचा आवाज चढला. "हे स्वामी, नमोस्तु, नमोस्तु, नमोस्तु! अत्र तिष्ठ, तिष्ठ!" अजितकुमारही म्हणत होते. महाराज फाटकापुढे आले. त्यांची पावले हळू झाली. त्यांची नजर रस्त्यावरून पायरीपर्यंत गेली, कलशावर आली. ते दोन श्वासांपुरते उभे राहिले.

मग ते पुढे निघाले. दोन घरे सोडून एका दारात त्यांची खूण जुळली, आणि तिथे जयजयकार झाला.

तारामती कलश धरून तशाच उभ्या होत्या. अजितकुमारांनी त्यांच्याकडे पाहिले. आता त्या कोसळतील, असे त्यांना वाटले, आणि कोसळल्या तर त्यांना धरायला कोणता हात मोकळा करावा याचा त्यांनी विचार केला. त्यांनी आपल्या आतही पाहिले. विहिरीत दोर सोडून तळ चाचपावा तसे निराशा शोधली. दोर कोरडाच वर आला.

तारामतीने कलश डाव्या हातात घेतला.

"शुद्धीचे कपडे हायेत ना आपल्या अंगावर?"

"आहेत."

"मंग चला. तिथं जाऊन देऊ. ज्यायच्या दारात थांबले, त्यायच्याकडं कोणीही देऊ शकते. माही खिचडी तयार हाये, ती झाकून घ्या."

अजितकुमारांनी आत जाऊन भांडे झाकले आणि ते घेऊन बाहेर आले. शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात गर्दी होती. महाराज पाटावर उभे होते, दोन्ही हातांची ओंजळ छातीपाशी. तारामतीची पाळी आली. दोघांनी शुद्धी बोलली. मन शुद्ध, वचन शुद्ध, काय शुद्ध. अजितकुमारांचा आवाज अडला नाही. तारामतीने ओंजळीत दोन चमचे खिचडी ठेवली. महाराजांनी ती अंगठ्याने तपासली आणि घेतली. मग अजितकुमारांनी झारीतून पाणी घातले. ओंजळीतून एक थेंबही खाली गेला नाही.

आहार पुरा झाला, माणसे पांगली. गल्लीतून परतताना तारामती दोनदा थांबल्या. गुडघे दुखत होते.

"संघ कधीपर्यंत हाये इथं?" त्यांनी विचारले.

"शुक्रवारपर्यंत."

"म्हंजे तीन दिवस."

"हो."

"उद्या मी मुगाचं करतो. खिचडी नको." त्या पुन्हा चालू लागल्या. "उभं राहू आपण उद्याही. येतीन, नाही येतीन."

"राहू," अजितकुमार म्हणाले. रात्री मुरमावर दव पडते आणि सकाळी त्याला माती चिकटते, म्हणून रस्ता आठला झाडावा की साडेआठला, एवढे त्यांनी चालता चालता ठरवले.